धुराडं साफ करणारा ओंडका: तो करतो काय आणि करत नाही काय

मराठी घरात आज ‘चिमणी’ म्हटलं की गॅसच्या शेगडीवरचं, फोडणीचा धूर ओढणारं विजेचं यंत्र डोळ्यांसमोर येतं. इथला विषय वेगळा आहे: लाकूड जाळणाऱ्या स्टोव्हचं धुराडं. इंग्लंडात, अमेरिकेच्या ईशान्य भागात, कॅनडात जुनं घर घेतलं की ते अनेकदा घराबरोबरच मिळतं. मग पहिल्याच थंडीत दुकानात एक वस्तू दिसते: धुराडं साफ करणारा ओंडका. लाकडाचा भुसा आणि मेण दाबून बनवलेला, त्यात काही क्षार मिसळलेले, कागदात गुंडाळलेला. निखाऱ्यांवर ठेवायचा आणि साधारण दीड तास जळू द्यायचा. याच कामाची पूडही डब्यात मिळते. ती रोज थोडी थोडी निखाऱ्यांवर टाकायची.

याने धुराडं खरंच साफ होतं का, हे एका घराच्या निमित्ताने पाहू. घर नमुन्याचं आहे. ओल्या सरपणावर चाललेल्या धुराड्यांत जे पुन्हा पुन्हा आढळतं, ते इथे एका छपराखाली आणून मांडलं आहे.

घर आणि जळण

उत्तर इंग्लंडमधलं एक गाव, १९३०च्या सुमाराचं विटांचं जोडघर. धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीत, म्हणजे त्याच्या तीन बाजूंना थंड हवा. बैठकीच्या खोलीत ५ किलोवॉटचा लोखंडी स्टोव्ह. त्याच्या वर विटांच्या जुन्या धुराड्यातून ओवलेली १५० मिलिमीटर व्यासाची, ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी. तिला लायनर म्हणतात. लांबी सुमारे ८ मीटर. लायनर आणि विटांच्या मधली जागा रिकामी. उष्णता धरून ठेवणारं काहीही भरलेलं नाही. टोकाला जाळीची टोपी, पाखरं आत येऊ नयेत म्हणून.

सरपण अ‍ॅश नावाच्या झाडाचं. अ‍ॅशच्या झाडांना मर लागल्याचं ब्रिटनमध्ये २०१२ साली नक्की झालं. तेव्हापासून रोगट झाडं तोडली जातात आणि त्यांचं लाकूड स्वस्तात मिळतं. ‘अ‍ॅश ओलं असलं तरी जळतं’ हा तिथला जुना समज. जळतं हे खरं, कारण उभ्या झाडातही त्यात इतर लाकडांपेक्षा पाणी कमी असतं. कमी म्हणजे तरीही वजनाच्या जवळपास एक-तृतीयांश. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये २ घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं तर त्यात २० टक्क्यांपर्यंतच ओल चालते. या घरात एकदम अडीच घनमीटरचा ट्रेलर उतरवला, त्यामुळे हा नियम त्याला लागू नव्हता. झाड वसंतात तोडलेलं, लाकूड ऑक्टोबरात घरी आलं, आणि त्याच आठवड्यात पेटलं.

त्यात भर म्हणजे रात्रीची सवय. झोपताना दोन मोठे ओंडके आत टाकायचे, हवेची झडप पूर्ण बंद करायची, म्हणजे सकाळपर्यंत धग राहते. पावसाळ्यात ओल्या लाकडावर बंब पेटवलेल्यांना याचा परिणाम सांगायला नको: आग धुमसते, डोळे चुरचुरतात आणि नळीला चिकट काळं काहीतरी धरतं. बंबाची नळी हातभर, सरळ आणि तापलेली असते, काठीला काथ्या बांधून ती घासता येते. आठ मीटरच्या थंड नळीत तेच चिकट काळं वर जाऊन बसतं आणि खालून दिसत नाही.

जानेवारी

जानेवारीच्या मध्यावर स्टोव्हची काच दोन तासांत काळी होऊ लागली. दार उघडलं की धूर खोलीत. दमट दिवशी डांबरासारखा वास. ही तिन्ही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: नळीची धूर वर खेचण्याची ओढ कमी झाली आहे. इथे धुराडं साफ करणाऱ्या माणसाला बोलवायला हवं होतं. त्याऐवजी ओंडका आला. आठवड्याने दुसरा. मग पुडीचा डबा, रोज एक माप, दहा दिवस.

पहिल्या ओंडक्यानंतर फरक जाणवला. काच थोडी स्वच्छ राहू लागली, राखेत काळ्या ढलप्या दिसू लागल्या. त्यावरून काम होतंय असं घरच्यांना वाटलं, आणि ते चूकही नव्हतं. पण पुडीच्या दहाव्या दिवशी, वारा पडलेल्या गार संध्याकाळी स्टोव्ह पेटवल्यावर वीस मिनिटांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. घरच्यांनी खिडक्या उघडल्या, सगळे बाहेर आले. आग विझेपर्यंत कोणी आत गेलं नाही आणि नंतर स्टोव्ह पुन्हा पेटवला नाही. हे सगळं बरोबर केलं.

अलार्म जागेवर होता म्हणून हे लिहिता येतंय. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१० पासून लाकडाचा स्टोव्ह नव्याने बसवताना तो सक्तीचा आहे. जागा अशी: स्टोव्हपासून आडवं अंतर १ ते ३ मीटर. छतावर लावला तर कोणत्याही भिंतीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर. भिंतीवर लावला तर दारं-खिडक्यांच्या वर, पण छतापासून किमान १५० मिलिमीटर खाली. सोयीचं म्हणून शेल्फवर पुस्तकांमागे ठेवलेला अलार्म असून नसल्यासारखा.

आत काय निघालं

साफसफाईवाल्याने आधी स्टोव्हच्या आतली आडवी पाटी काढली. आग आणि नळी यांच्यामध्ये छताजवळ तिरकी बसवलेली असते ती, बॅफल. या स्टोव्हमध्ये ती व्हर्मिक्युलाइट या आच सोसणाऱ्या खनिजाची, दोन तुकड्यांची आणि ठिसूळ. ओढून काढली तर मोडते, एक बाजू उचलून तिरकी करून काढावी लागते. धूर या पाटीला वळसा घालून पुढच्या चार-पाच सेंटिमीटरच्या फटीतून वर जातो. म्हणजे नळीतून जे काही खाली पडेल ते थेट हिच्या पाठीवर येतं.

पाटीवर सुमारे तीन लिटर ढलप्या साचल्या होत्या, फट जवळजवळ बुजलेली. ढलपी हातात घेऊन पाहिली तर एक बाजू काळी, तुळतुळीत, काचेसारखी. ती लायनरला चिकटलेली होती. दुसरी बाजू राखाडी, निस्तेज, बारीक भेगा पडलेली; तिथे क्षार पोचले होते. नखाने दाबली की ‘कट्’ करून तुटते. ओंडक्याने आणि पुडीने काय केलं ते या एका ढलपीत दिसतं. जो थर आधी ब्रशला दाद देत नव्हता तो ठिसूळ केला, सोडवला आणि खाली पाडला. पण पडलेला माल घराबाहेर गेला नाही. तो धुराच्या वाटेवर येऊन बसला.

इथे साधा हिशेब करून बघण्यासारखा आहे. १५० मिलिमीटर व्यासाच्या, ८ मीटर लांब नळीत आतून फक्त ३ मिलिमीटर थर धरला, तर तो सुमारे ११ लिटर होतो, म्हणजे एक बादली. अमेरिकेतली चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट साधी काजळी इतकी, म्हणजे १/८ इंच झाली की धुराडं साफ करा म्हणते, आणि चकचकीत थर दिसला तर त्याहूनही आधी. बादलीभरातला पाव हिस्सा जरी सुटून पडला तरी बॅफलवरची जागा भरते. उत्पादन जितकं चांगलं काम करेल तितका हा धोका मोठा. पाकिटावर ‘हे प्रत्यक्ष साफसफाईला पर्याय नाही’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. त्या ओळीचा खरा अर्थ हा आहे.

मग कॅमेरा वर गेला. खालच्या चार मीटरमध्ये पातळ, करडी-तपकिरी, कोरडी काजळी. ब्रशच्या एका फेरीत निघेल अशी. त्यावरच्या दोन मीटरमध्ये अर्धवट सुटलेल्या खपल्या, काही लोंबकळत्या. सगळ्यात वरच्या दोन मीटरमध्ये काळं, ओलसर दिसणारं चकचकीत डांबर, काही ठिकाणी आठ मिलिमीटर जाड, मेणबत्तीवर मेण ओघळून गोठावं तसं. टोपीची जाळी अर्धी बुजलेली. दोन ओंडके आणि दहा दिवसांची पूड यांचा या शेवटच्या भागावर काहीही परिणाम नव्हता.

वरच का?

लाकडाच्या धुरात न जळलेली तेलं, डांबर आणि पाण्याची वाफ असते. धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की हे सगळं नळीच्या भिंतीवर जमू लागतं. खाली स्टोव्हजवळ नळी तापलेली, तिथे जमत नाही. वर जाता जाता धूर निवत जातो, आणि बाहेरच्या भिंतीतल्या, आवरण नसलेल्या लायनरमध्ये फार लवकर निवतो. म्हणून सगळ्यात वाईट थर सगळ्यात वर.

आता क्षारांचं काम बघा. या उत्पादनांत तांबं, मँगनीज अशा धातूंचे क्षार वापरतात. ते काजळीवर बसले की ती एरवीपेक्षा कमी तापमानाला जळायला लागते. इतर काही घटक डांबराचा चिकटपणा मोडून त्याचा कोरडा, भुसभुशीत कोळसा करतात. या दोन्हीला दोन गोष्टी लागतात: क्षार थरापर्यंत पोचणं आणि थर तापणं. क्षार धुराबरोबर वर जातात खरे, पण त्यांचा मोठा भाग खालच्या नळीवरच बसतो. आणि वर ताप नसतो. म्हणजे जिथे थर पातळ आणि कोरडा, तिथे औषध सगळ्यात जास्त लागू पडतं. जिथे जाड डांबर, तिथे सगळ्यात कमी. उत्पादन खोटं नाही. त्याला सोपं काम जमतं आणि अवघड काम जमत नाही.

अवघड कामच जिवावरचं आहे. वरच्या दोन मीटरमध्ये सरासरी आठ मिलिमीटर थर धरला तर ते सात लिटरच्या आसपास घट्ट जळण होतं, छपराच्या बरोबरीला टांगलेलं. ते पेटलं की नळीतलं तापमान १००० अंशांच्या वर जातं. गाडी धडधडत यावी तसा आवाज येतो, टोपीतून ठिणग्या उडतात. असं झालं तर स्टोव्हचं दार आणि हवेच्या सगळ्या झडपा बंद करायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ९९९ या ब्रिटनमधल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा. पाणी ओतायचं नाही. ‘एक दिवस आग भरपूर भडकवा, धुराडं आपोआप साफ होतं’ हा सल्ला याच कारणासाठी घातक आहे. नळी स्वच्छ असताना रोजची आग तेजदार ठेवणं वेगळं, आणि डांबर धरलेल्या नळीखाली होळी करणं वेगळं. ओंडका किंवा पूड टाकतानाही हाच धोका असतो, म्हणून आत काय आहे हे न पाहता ती वापरू नयेत.

लायनरला काय चालतं, काय नाही

डब्यावरचे घटक वाचा. क्लोराइड असलेली पूड स्टेनलेस स्टीलच्या लायनरला लावू नये. मीठ टाकण्याचा जुना घरगुती उपाय याच कारणाने बाद. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ओलसर काजळीतलं क्लोराइड स्टेनलेसवरचा संरक्षक थर जागोजागी फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं. हे आग चालू असताना कमी, उन्हाळ्यात स्टोव्ह बंद असताना जास्त होतं, कारण काजळी तेव्हा हवेतली ओल शोषून आम्लधर्मी चिखल होते. ज्या स्टोव्हमध्ये धूर जाळण्यासाठी उत्प्रेरक जाळी बसवलेली असते तिथे उत्पादकाने नाव घेऊन परवानगी दिल्याशिवाय कोणतीही पूड नको.

धुराडं साफ व्हावं म्हणून बटाट्याची सालं, अ‍ॅल्युमिनियमचे डबे जाळणं या गोष्टींवर वेळ घालवू नये.

दुरुस्ती

साफसफाईवाल्याने काम दोन खेपांत केलं. पहिल्या खेपेला स्टोव्हचं तोंड कापडाने बंद करून, खालून लवचीक दांड्यांवर नायलॉनच्या जाड दोऱ्यांचं फिरणारं डोकं ड्रिलला लावून वर नेलं. लवचीक स्टीलच्या लायनरमध्ये तारेचा ब्रश किंवा साखळ्या कधीही घालायच्या नाहीत. आतला पत्रा पातळ असतो, चिरला की लायनर बदलावा लागतो. डोकं टोपीपर्यंत गेलं, जाळी मोकळी केली. खालच्या सहा मीटरमधलं सगळं निघालं. वरच्या डांबरावर नुसते चरे उमटले.

मग क्लोराइड नसलेलं, धंदेवाईक वापराचं औषध. ते खाली निखाऱ्यांवर न टाकता फवाऱ्याने वरून थेट डांबराच्या थरावर मारलं. त्यानंतर तीन आठवडे स्टोव्ह रोज चालवला, पण अटींवर: फक्त २० टक्क्यांखालचं लाकूड, लहान आग, पण तेजदार, रात्री धुमसत ठेवणं बंद, आठवड्यातून एकदा गार स्टोव्हमधली बॅफल काढून पाठ झाडणं. नळीवर, स्टोव्हपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीवर, चुंबकाने चिकटणारा तापमापक लावला. साध्या एकपदरी नळीच्या पृष्ठभागावर काटा १२० ते २४० अंशांच्या मध्ये हवा. खाली राहिला तर डांबर बसतंय, फार वर गेला तर हवा कमी करायची.

तीन आठवड्यांनी दुसरी खेप. या वेळी डोकं फिरलं तसा वरचा थर खपल्या-खपल्यांनी निघाला, कारण तो आता राखाडी आणि भेगाळलेला होता. ज्या रसायनाला जानेवारीत काही जमलं नव्हतं, त्याच जातीच्या रसायनाने मार्चमध्ये अवघड काम केलं. फरक तीन गोष्टींचा: ते थरापर्यंत नेऊन लावलं, नळीला ताप मिळाला आणि मागून ब्रश आला. शेवटी कॅमेऱ्याने सगळा लायनर पाहिला, कुठे भोक किंवा उसवलेला पदर नाही याची खात्री केली, धुराची गोळी पेटवून ओढ तपासली आणि मगच साफसफाईचं प्रमाणपत्र दिलं. घराच्या विम्याच्या वेळी हा कागद मागू शकतात. ओंडक्याची पावती तिथे चालत नाही. ओंडका पाखराचं घरटं काढत नाही, फाटलेला लायनर दाखवत नाही, टोपीची जाळी बुजली तर सांगत नाही.

मग ओंडका कधी घ्यावा? धुराडं याच वर्षी घासून घेतलंय, जळण कोरडं आहे, नळी सरळ उभी आहे, बॅफल हाताने निघते, आणि दोन सफाया मधल्या काळात काजळी कोरडी राहावी एवढीच अपेक्षा आहे, तेव्हा घ्यायला हरकत नाही. वापरताना सूचना वाचा; सहसा वेष्टनासकट निखाऱ्यांवर ठेवायचा आणि त्याच्याबरोबर दुसरं लाकूड टाकायचं नाही, असं असतं. नंतरच्या दोन आठवड्यांत दोनदा बॅफल काढून बघा. नळीला ४५ अंशांची वळणं असतील तर ढलप्या तिथेही अडकतात आणि हाताला येत नाहीत. अशा नळीत साफसफाईवाल्याला विचारल्याशिवाय नको.

जळणाचं काय झालं

मूळ दोष लाकडात होता, म्हणून त्याकडे शेवटी वळावंच लागतं. ढिगातला ओंडका नव्याने फोडून, आतल्या ताज्या पृष्ठभागावर मधोमध, रेषांच्या दिशेने ओलमापकाच्या दोन सुया टोचल्या: ३० टक्के. बाहेरच्या टोकाला तोच मापक १८ दाखवत होता. फसायला होतं ते इथेच. एका संध्याकाळी १० किलो लाकूड जळतं असं धरा. ३० टक्के ओल म्हणजे त्यात दोन-तीन लिटर पाणी. ते आधी उकळून वाफ होणार, त्यासाठी लागणारी उष्णता आगीतूनच जाणार, आग निवणार, न जळलेलं डांबर वर जाणार, आणि वाफ त्याला सोबत करणार. हवा बंद केली की हे आणखी वेगाने.

उरलेलं दीड घनमीटर लाकूड मनगटाएवढं फोडून, जमिनीपासून पट्ट्यांवर उचलून, वर पत्रा टाकून, बाजू वाऱ्याला उघड्या ठेवून रचलं. दोन्ही टोकांवर खडूने तारीख घातली. ते पुढच्या थंडीत आधी मोजलं जाईल, २० च्या खाली आलं नसेल तर आणखी एक उन्हाळा तिथेच राहील. तोपर्यंतच्या थंडीसाठी भट्टीत वाळवलेलं, ओल २० टक्क्यांपर्यंतच असल्याची खूण छापलेलं लाकूड पोत्यांनी आणलं, आणि पुढची सफाई ऑक्टोबरात न ठेवता एप्रिलमध्ये ठेवली, म्हणजे काजळी उन्हाळाभर लायनरमध्ये ओल धरत बसणार नाही. ओलमापकाला आणि नळीवरच्या तापमापकाला मिळून दोन ओंडक्यांपेक्षा फार जास्त खर्च आला नाही.